ट्रायल बाकी

"खाली बघू नका. खाली काय ठेवलंय तुमचं? समोर बघा. अहो, तो मिरचीचा ट्रक दिसतोय ना, त्याच्याकडे बघा."

अण्णा ओव्हाळ ओरडत होते. मार्केट यार्डात, भर दुपारी दोन वाजता, मिरचीच्या गाळ्यांमागच्या बोळात. आवाज असा, की पलीकडे गुळाच्या गाळ्यावर पोत्यांवर आडवे झालेले दोन तोलार, माल तोलणारे, उठून बसले. दिवे घाटात मेंढ्या चारणाऱ्या एखाद्यानेही मान वर केली असेल, असा माझा अंदाज आहे. मी त्या वेळी एका चाकावर होतो. खाली एक चाक, त्याच्यावर एक दांडा, दांड्यावर सीट आणि सीटवर खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीतला ब्याऐंशी किलोचा इंजिनिअर. दोन्ही तळवे भिंतीला असे चिकटलेले, की यार्डातल्या पालींनी येऊन माझ्याकडे शिकवणी लावावी.

"भिंत सोडा."

"अण्णा, सोडली तर पडेन."

"पडायलाच आला आहात. त्यासाठी ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढलीत ना?"

मी भिंत सोडली. पुढच्या दीड सेकंदात मी जे पाहिलं ते सांगायला दोन दिवस लागतील. आकाश पाहिलं, ट्रकची खालची बाजू पाहिली, बहुतेक स्वतःची पाठही पाहिली. मग मिरचीच्या पोत्यावर आदळलो आणि इतका शिंकलो, की त्या दिवशी यार्डात मिरचीचा भाव खाली आला असं लोक अजून सांगतात. एका हमालाने वाकून विचारलं, "हाय का जिवंत?"

अण्णा माझ्याकडे आलेच नाहीत. त्यांनी आधी सायकल उचलली. चाक हवेत धरून गरकन फिरवलं, कान जवळ नेला, डोळे मिटले. चाक थांबेपर्यंत तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आउट नाही आला." आणि त्यानंतर मला, "तुमचं काय?"

"कोपर गेलं बहुतेक."

"कोपर तुमचं स्वतःचं आहे. ही दुसऱ्याची आहे."

अण्णा ओव्हाळ म्हणजे काय चीज होती, हे या एका वाक्यात आलं. पण ते कळायला मला फार वेळ लागला, आणि कळलं तेव्हा माझ्या हातून जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गुलटेकडीच्या उताराला अण्णांचं सायकलचं दुकान होतं. भाड्याने सायकली द्यायच्या, मोडलेल्या दुरुस्त करायच्या. दुकान इतकं अरुंद, की आत गेलेल्या माणसाला वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागे. अण्णाही दुकानाला शोभतील असेच. उंच, सडसडीत, खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिल. बाजूने पाहिले तर दिसत नसत. भाड्याच्या चाळीस सायकली, मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, आणि प्रत्येकीचा स्वभाव त्यांना तोंडपाठ. माझे वडील गुळाच्या गाळ्यावर दिवाणजी होते, ते रोज अकरा नंबर नेत. एकदा अकरा नंबर बाहेर गेलेली, म्हणून सतरा नंबर मागितली. अण्णा म्हणाले, "सतरा नको. ती उताराला डावीकडे जाते, आणि डावीकडे तुमच्या सासऱ्यांचं घर आहे."

चाकाची तार सैल पडली की चाक फिरताना डुलतं. त्याला आउट येणं म्हणतात आणि तो काढणं हे अण्णांचं खरं काम. बाकीचे कारागीर डोळ्यांनी आउट बघत. अण्णा ऐकत. अंगठ्याच्या नखाने एकेक तार छेडत जात, सतारवाल्यासारखे. मधेच एका तारेपाशी थांबत आणि म्हणत, "ही रुसली आहे." छत्तीस तारांपैकी रुसलेली एक. चावीचा अर्धा फेरा देत, पुन्हा छेडत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान येई. ते एवढं कमी असे, की ओळखायला सरावाचा माणूस लागे.

दुकानात हवेच्या पंपावर बुद्धाची तसबीर होती. छप्पन सालच्या त्या मोठ्या गर्दीत अण्णांचे वडील नागपूरला होते. परत येताना ती तसबीर घेऊन आले आणि पाच शीलं. अण्णा सांगायचे, "पाचांपैकी चार प्रत्येकाने आपापल्या घरी बघावीत. दुकान दुसऱ्या शीलावर चालतं. जे आपल्याला कुणी दिलेलं नाही, ते घ्यायचं नाही." कुणीतरी विसरलेली छत्री त्यांच्या खिळ्याला सात वर्षं लटकत होती. पावसात चिंब भिजून आलेले अण्णा त्या छत्रीखाली उभे राहून डोकं पुसत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आणि दुसरी गोष्ट, ट्रायल. दुरुस्त केलेली गाडी ट्रायल घेतल्याशिवाय दुकानाबाहेर जाणार नाही, आणि ट्रायल ज्याने दुरुस्त केली त्यानेच घ्यायची. उतारावरून खाली, तळाशी करकचून ब्रेक, परत वर. लहान मुलांची सायकल असली तर अण्णा गुडघे कानांशी नेऊन तिच्यावरूनही जात. लोक हसत. शांतामावशी, म्हणजे अण्णांची बायको, कधी हसत नसत. त्यांनी मला कारण सांगितलं. दुकान नवीन असताना एक तोलार ब्रेक लावून घ्यायला आला. त्याला घाई होती. "राहू द्या ट्रायल, मी बघतो," म्हणाला. अण्णांनी राहू दिली. त्याच उतारावर ब्रेकची सळई निसटली आणि त्याचा पाय ट्रकच्या मागच्या चाकाखाली गेला. गुडघ्याखालचा काढावा लागला. पुढे तो खुर्चीवर बसून काटा बघायचा. अण्णांना एका शब्दानेही बोलला नाही.

"बोलला असता तर बरं झालं असतं," मावशी म्हणाल्या.

आता ती एकचाकी.

कालव्याच्या कडेच्या मैदानात एक सर्कस आली होती. घरोघर केबल येऊ घातली होती, सर्कशी संपत आल्या होत्या, पण आपण संपत आलो आहोत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी एक ठेंगणी, काटक बाई खांद्यावर ती एकचाकी टाकून दुकानात आली. केरळकडची होती, नाव बिंदू. पेडलचा दांडा, ज्याला क्रँक म्हणतात, तो वाकलेला आणि चाकाला हा एवढा आउट. अण्णांनी नेहमीप्रमाणे पुठ्ठ्याचा तुकडा कापला, त्यावर लिहिलं, "बिंदू. सर्कस. क्रँक वाकडा, आउट," आणि सुतळीने सीटखाली बांधला. दुकानात आलेल्या प्रत्येक गाडीला असा पुठ्ठा असे. गाडी गिऱ्हाइकाच्या हातात देताना तो सोडायचा.

तसा क्रँक बाजारात मिळेना. अण्णांनी भवानी पेठेत लेथवर करून घेतला, जाड लोखंडाचा, ट्रकच्या ॲक्सलला लाज वाटेल असा. दुसऱ्या दिवशी बिंदू आली.

"हो गया, भैया?"

"हो गया. ट्रायल बाकी है."

"दे दो, ट्रायल मैं लेती."

"आप नहीं. मैं."

ती पन्नाशीच्या त्या खाकी माणसाकडे बघत राहिली. "आपको आता है?"

"नहीं आता. आएगा."

"चार दिन में हम लोग जाएगा, भैया."

"चार दिन बहुत है."

दुसरी कुणी असती तर गाडी हिसकावून गेली असती. तिला गंमत वाटली असावी, किंवा कुणीतरी आपल्या पडण्याची काळजी करतंय याचं नवल वाटलं असावं. त्या दिवशी ती अर्धा तास मिरचीच्या बोळात अण्णांच्या बाजूने चालली, त्यांचं मनगट धरून. "नीचे मत देखना, भैया," म्हणत होती. "नीचे कुछ नहीं है." शोपुरती दुसऱ्या मुलीची गाडी मागून घेते म्हणाली आणि गेली.

चार दिवस अण्णा पडले. किती वेळा ते हमालांनी मोजलं, आणि शंभरानंतर हमालांना पुढचं मोजता येईना म्हणून सोडून दिलं. गुडघे फुटले, हनुवटी फुटली, चष्म्याची एक काच गेली. दुकान मावशी बघत होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी अण्णा मिरचीच्या टोकापासून गुळाच्या टोकापर्यंत चाळीस पावलं गेले, वळले आणि परत आले. दुकानात येऊन म्हणाले, "जमलं. सकाळी नेऊन देतो."

मावशी म्हणाल्या, "ती दुपारी येऊन गेली. अर्धा तास बसली होती. मॅनेजर बोलावतोय म्हणून गेली."

दुपारी अण्णा दुकानापासून दोनशे पावलांवर होते. ट्रायल घेत.

सकाळी गाडी पुसून, तेल देऊन ते मैदानात गेले. तिथे तंबूच्या खांबांचे खड्डे होते, हत्तीची लीद होती आणि लाकडाचा भुसा होता. पहाटेच सगळे ट्रक निघून गेले होते. सर्कस साताऱ्याकडे गेली एवढं कळायलाच महिना गेला, मग अण्णांनी एकचाकी घेतली आणि एसटीने साताऱ्याला गेले. कंडक्टर म्हणाला, "अर्धीच सायकल आहे, अर्धं तिकीट काढा." अण्णांनी पूर्ण काढलं. साताऱ्याला सर्कस उतरलीच नव्हती. कऱ्हाडला येऊन गेली होती. कोल्हापुरात त्यांना फक्त तंबू सापडला. मालकाने तो मंडपवाल्याला विकला होता आणि माणसं ज्याच्या त्याच्या वाटेने गेली होती. त्या तंबूखाली कुणाचं तरी लग्न चालू होतं. अण्णांना लोकांनी जेवायला बसवलं. ते जेवले नाहीत.

"एका चाकावर पोट होतं तिचं," पुढे एकदा मला म्हणाले. "ते चाक मी घेऊन बसलो. तिने मागितलं होतं. मी दिलं नाही."

मी म्हणालो, "अण्णा, तुमचा नियमच होता तसा."

"नियम माझा होता. गाडी तिची होती."

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, दुकान उघडल्यावर पहिलं काम ते. एकचाकी खुंटीवरून काढायची, हवा भरायची, तारा छेडून बघायच्या, तेल द्यायचं आणि बोळात एक फेरी. पुठ्ठा तसाच. अक्षरं उडाली की पुन्हा गिरवायचे. हमाल विचारत, "अण्णा, आता कशाला?" अण्णा म्हणत, "उद्या आली आणि चाकात हवा नसली, तर काय सांगू?"

नऊ वर्षं हे चाललं, मग मी त्यात कडमडलो. कारण माझंच. नोकरीच्या अर्जात छंदांचा रकाना होता. बाकीच्यांनी वाचन आणि क्रिकेट लिहिलं. मी लिहिलं, एकचाकी सायकल चालवणे. अण्णांना सोमवारी येता-जाता बघत होतो, हात आपोआप लिहून गेला. नोकरी लागली. तीन वर्षं सुखाने गेली. मग अमेरिकेतून नवा मॅनेजर आला आणि त्याने सगळ्यांच्या फायली वाचल्या. फायली वाचणारा मॅनेजर मी त्यानंतर पाहिला नाही. "ॲन्युअल डेला तू परफॉर्म करणार," तो म्हणाला. दीड महिना हातात होता.

मी अण्णांकडे गेलो. "अण्णा, ती एकचाकी मला विकत द्या. जुनी आहे, पण चालेल मला."

"जुनी नाही. दुरुस्तीला आलेली आहे."

"नऊ वर्षं झाली."

"हो. जरा उशीर झालाय."

विकायला तयार नव्हते, शिकवायला मात्र एका मिनिटात तयार झाले. तुम्ही वर वाचलंत ते शिकणं तेव्हाचं. फी विचारली तर म्हणाले, "तुमच्या त्या कॉम्प्युटरवर आता जगातला कुठलाही माणूस सापडतो म्हणतात. तिला शोधा. तेवढी फी." मी छाती ठोकून हो म्हणालो. पेपरात रोज इंटरनेटच्या गोष्टी येत होत्या आणि माझ्या बोलण्यात त्याहून जास्त. आठ दिवसांत शोधतो, म्हणालो.

ॲन्युअल डेच्या दिवशी अण्णा एकचाकी घेऊन पीएमटीने खराडीला आले, तीन बस बदलून. गाडी एकटी पाठवायला तयार नव्हते. इस्त्रीचा खाकी शर्ट घालून मागच्या रांगेत बसले आणि शेजारच्या खुर्चीवर गाडी बसवली. माझा नंबर आला. मी स्टेजवर बरोबर अकरा पावलं गेलो आणि ऑर्केस्ट्राच्या ड्रममध्ये शिरलो. चारशे लोक उभे राहिले. आमच्या कंपनीत एकूण दोनशे दहा माणसं होती, तरी चारशे उभे राहिले.

मी अजून ड्रममध्येच होतो, तेव्हा अण्णा मागून चालत स्टेजवर आले. गाडी उचलली, चाक फिरवलं, कान लावला. खिशातून चावी काढून एका तारेला अर्धा फेरा दिला. आणि मग, दुरुस्ती झाली म्हणजे ट्रायल आली, म्हणून ते सरळ गाडीवर बसले आणि स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. वळले. परत आले. हात किंचित बाजूला, नजर समोर, पाठ ताठ. त्या खाकी शर्टावर दिवे पडले होते आणि मला पहिल्यांदाच वाटलं, की ही गाडी कशासाठी केलेली असते ते आत्ता दिसलं. टाळ्या थांबेनात. मॅनेजर धावत आला, "सर, हू टॉट यू?"

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "काय विचारतोय?"

"कुणी शिकवलं, म्हणतोय."

"सांगा, जिने शिकवलं तिची गाडी द्यायची राहिलीय."

त्यानंतर दर सोमवारी, हवा भरून झाली की, दुकानाशेजारच्या पीसीओवरून त्यांचा फोन यायचा. "सापडली का?" मी म्हणायचो, "शोधतोय, अण्णा." खरं सांगायचं तर मी एकदाच शोधलं होतं. जेवणाच्या सुट्टीत, समोसा खाता खाता, दहा मिनिटं. बिंदू आणि सर्कस असे दोन शब्द घातले. खेळण्यांची दुकानं आली, टिकल्यांची दुकानं आली. समोसा संपला. त्यानंतर दोन वर्षं मी शोधत होतो, फक्त फोनवर.

त्या दोन वर्षांत पुण्याची सायकल संपली. हप्त्यावर मोपेड मिळायला लागल्या, मोटरसायकली मिळायला लागल्या. तोलारांच्या पोरांकडे गाड्या आल्या आणि पोरं बापांना सोडायला येऊ लागली. चाळीसच्या नऊ सायकली राहिल्या, आणि त्या नऊ जणी दिवसभर दुकानाबाहेर एका ओळीत उभ्या असत, कुणी विचारत नसे. अण्णांना चार पायऱ्या चढल्या की धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मावशींना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. जागेच्या मालकाला मोबाइलच्या दुकानाचं गिऱ्हाईक मिळालं होतं.

दुकान सोडायच्या दिवशी मी गेलो. भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. सायकली एकमेकींवर टाकल्या जात होत्या. अकरा नंबर सगळ्यात खाली गेली. अण्णा रिकाम्या दुकानाच्या दारात एकचाकी हातात धरून उभे होते. भंगारवाल्याने विचारलं, "ती पण द्यायची ना, अण्णा?" अण्णांनी नुसती नकाराची मान हलवली. घर दोन खोल्यांचं, त्यात मुलगी बाळंतपणाला आलेली. ते गाडी या हातातून त्या हातात घेत होते. मी इतक्या वर्षांत या माणसाला काय करावं ते कळत नाही असं कधी पाहिलं नव्हतं.

"हिला ठेवू कुठे?" ते म्हणाले. "टाकता येत नाही. माझी नाही ना ही."

आणि मी म्हणालो, "अण्णा, सापडली."

"काय?"

"बिंदू. सापडली. कालच पत्ता लागला, फोनवर बोललो. तुम्हाला सांगायलाच आलो."

हे मी का बोललो याचं उत्तर मी वेळोवेळी वेगळं दिलं आहे. त्यांच्याकडे बघवेना, हे खरं. आणि ती गाडी मला हवी होती, हेही तेवढंच खरं. पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं पालथं पडलं होतं, त्यावर अण्णा बसले.

"कुठे असते?"

"कोल्लमला. शिवण शिकवते मुलींना."

"धडधाकट आहे?"

"एकदम."

"तेव्हा काय केलं तिने? गाडी नव्हती तेव्हा?"

मला थापा मारायला कधी विचार करावा लागला नाही. "दुसऱ्याच दिवशी नवी मिळाली तिला, अण्णा. मालकाने दिली."

"दुसऱ्याच दिवशी."

"हो."

"मी कोल्हापूरपर्यंत गेलो होतो."

"सांगितलं मी तिला."

"काय म्हणाली?"

"हसली."

टेम्पो निघून गेला. "हसायचीच ती," अण्णा म्हणाले. मग, "म्हणजे तिचं काही अडलं नाही."

"काहीच अडलं नाही. गाडी विकून टाका म्हणाली."

त्यांनी गाडी मला विकली. दुरुस्तीचे होते तेवढेच स्वतः घेतले, बाकीचे तिला पाठवा म्हणाले. द्यायच्या आधी म्हणाले, "थांबा, ट्रायल बाकी आहे." मी नको नको म्हणत होतो. ते बोळात गेले. मिरचीच्या टोकापासून गुळाच्या टोकापर्यंत आणि परत. उतरले तेव्हा ओठ निळे पडले होते. भिंतीला टेकून श्वास जागेवर येईपर्यंत उभे राहिले, मग सुतळी पकडीने तोडली, पुठ्ठा सोडवून शर्टाच्या खिशात घातला आणि गाडी माझ्या हातात दिली.

मी ती धायरीला नेली, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीला उभी केली. पाहुणे विचारत आणि मी प्रत्येकाला वेगळी गोष्ट सांगत असे. एकाला तर रशियातून आणली म्हणून सांगितलं. चालवली एकदाही नाही.

अण्णांना भेटायला जायचो. मावशींनी दारात सांगितलं, की पहिल्या सोमवारी ते उठले, कोपऱ्यातला पंप घेतला, अंगणात जाऊन उभे राहिले आणि पंप परत ठेवून आत येऊन झोपले. त्यानंतर कधीकधी विचारत, "आज वार कोणता?" सोमवार सांगितला की नुसतं हं म्हणत. ज्याच्यापायी त्यांची झोप उडाली होती ते ओझं मी उतरवलं, अशी माझी समजूत होती. आता वाटतं, त्यांना उठवून बसवणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

शेवटचं भेटलो तेव्हा आवाज फार खाली गेला होता. ओरडणारे अण्णा ते हेच, हे कुणाला खरं वाटलं नसतं. मला जवळ बोलावून म्हणाले, "पुन्हा पत्र लिहाल तिला, तेव्हा एक लिहा. क्रँक जड आहे, पण वाकणार नाही. मी स्वतः बघितलंय."

"लिहितो, अण्णा."

दोन महिन्यांत ते गेले. पुण्यानुमोदनाला यार्डातून इतकी माणसं आली, की त्या दिवशी गुलटेकडीत पोतं उचलायला हमाल मिळाला नाही. ही थाप नाही. खुर्चीवर बसणारा तो तोलारही आला होता, कुबड्या घेऊन, आणि शेवटपर्यंत उभा होता.

आठ दिवसांनी घरी एकचाकीकडे लक्ष गेलं. चाक बसलं होतं. टायर फरशीवर पसरल्यासारखा झाला होता. मी तशीच गाडी काढून मावशींकडे गेलो.

मावशी दारात गहू निवडत होत्या. मी समोर बसलो आणि सांगितलं. बिंदू मला कधीच सापडली नाही. मी नीट शोधलंही नाही. कोल्लम, शिवण, नवी गाडी, हसणं, सगळं मी मनाचं सांगितलं. तेवढं बोलायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी एरवी ऐकणाऱ्याला थापांवर चार गावं हिंडवून आणलं असतं. मावशींनी मान वर केली नाही. ताटातले खडे वेचून बाजूला ठेवत राहिल्या. मग उठल्या, आत गेल्या, आणि अण्णांच्या चष्म्याच्या डबीतून तो पुठ्ठा घेऊन आल्या. सुतळीचं टोक अजून त्याला होतं. माझ्या हातात दिला आणि पुन्हा ताट ओढून बसल्या.

"मग हे बांधा तिला परत," म्हणाल्या, "आणि सोमवारी हवा भरत जा."